कात्रीकाकूंनी वाढू दिलेलं गवत

बोलता बोलता त्या समोरच्याच्या कपड्यावरचा सुटलेला दोरा शोधायच्या. सापडला की वाक्य अर्धवट टाकून तो कापायच्या. मग वाक्य पुरं करायच्या.

कात्री एप्रनच्या उजव्या खिशात. डाव्या खिशात दुसरी, पहिली सापडली नाही तर.

चहा उभ्यानं प्यायच्या. बसून घेतलेला चहा आजारी माणसाचा, असं त्यांचं मत.

मेंढीशी बोलताना ‘अगं’. मेंढ्याशी बोलताना ‘अहो’.

रोज सकाळी एकेका मेंढीच्या डाव्या कुशीला कान लावायच्या. डोळे मिटून. तेवढ्यात कोणी बोललं तर हात वर करून गप्प करायच्या, फोनवर महत्त्वाचं काही चालू असल्यासारखं.

फोनवर मात्र त्या कोणाचंच ऐकून घ्यायच्या नाहीत.

मागच्या मंगळवारी काकू गेल्या. मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत राहते. सकाळी खालून कात्रीचा आवाज यायचा आणि त्या आवाजात मी गाढ झोपायची. आता तो येत नाही, म्हणून जाग येते. हे सगळं ‘होत्या’, ‘यायच्या’ असं लिहावं लागतंय. साहित्याची पदवी घेताना भूतकाळ किती सोपा वाटला होता.

त्यांचा धंदा लोकर कातरण्याचा. वसंत लागला की आसपासच्या गावांतून बोलावणी यायची. मेंढीला दोन गुडघ्यांत बसवून त्या अशा कातरायच्या की सगळी लोकर एका तुकड्यात उतरायची, कोणी कोट काढून ठेवावा तशी. मेंढी उठायची आणि लाजल्यासारखी बाजूला जाऊन उभी राहायची. कात्रीकाकू हे नाव त्यावरून पडलं. टिकलं मात्र दुसऱ्याच कारणानं. वाढलेलं काही म्हणजे काही त्यांना बघवत नसे. कुंपण, केस, पडद्याची झालर, पाहुण्यांचा मुक्काम.

नवरा लवकर गेला होता. मूलबाळ नव्हतं. स्वतःचा छोटा कळप होता आणि घरामागे कुरण होतं. कुरणाच्या पलीकडे एक ओहोळ, आणि ओहोळापलीकडे जुन्या बॅटऱ्या वितळवण्याचा कारखाना. तो मी यायच्या कितीतरी आधी बंद पडलेला. धुराडं तेवढं उभं आहे. त्यावर पाखरं बसतात.

त्या कुरणाचा काकूंना गर्व होता. अभिमान म्हणत नाही मी, गर्वच. मेंढ्यांनी गवत अगदी जमिनीलगत खाल्ल्याशिवाय त्या त्यांना दुसरीकडे हलवायच्या नाहीत. मेंढ्यांचं तोंड पोचत नाही असे कोपरे स्वतः गुडघ्यांवर बसून कातरायच्या. संध्याकाळी कुंपणाशी उभं राहून बघायच्या. नुकतीच दाढी केलेल्या गालासारखं दिसायचं ते.

“मुंगी चालली तरी इथून दिसेल,” त्या मला म्हणायच्या. “बघ, विदुषी. तुझ्या पुस्तकात आहे का असं?”

मी गावातल्या वाचनालयात काम करते. त्यामुळे त्यांच्या लेखी मी विदुषी. हे कौतुक नव्हतं.

वर टेकडीवर त्यांचे धाकटे दीर राहतात. त्यांच्याकडेही मेंढ्या आहेत. त्यांचं कुरण गुडघाभर वाढलेलं, वाऱ्यानं कुठेही झुकणारं. “न विंचरलेलं डोकं,” असं काकू त्याला म्हणायच्या. मी इथे राहायला आले तेव्हा दोघांचं बोलणं बंद होतं. कारण मला इस्त्रीवाल्याकडून कळलं. त्याचं दुकान काकूंच्या घराला लागून आहे आणि गल्लीतली कुठलीच घडी त्याच्या हातून सुटत नाही.

भावजींनी एक मेंढा पाळला होता. पशुमेळ्यासाठी त्याची लोकर दोन वर्षं वाढवत होते. जमिनीला टेकेल इतकी. मेळ्याच्या आदल्या आठवड्यात ते कामानिमित्त बाहेरगावी गेले आणि जाताना वहिनींना सांगून गेले, “तेवढं मेंढ्याकडे लक्ष ठेवा.” काकूंनी लक्ष ठेवलं. एक दिवस ठेवलं, दोन दिवस ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

“इतका सुरेख कातरला होता म्हणून सांगू,” इस्त्रीवाला म्हणाला. “टेकडीवाले परत आले तर त्यांना वाटलं, दुसऱ्याच कोणाचा मेंढा आलाय.”

काकूंना याबद्दल मी एकदा विचारलं होतं. “बरा दिसत होता नंतर,” एवढंच म्हणाल्या, आणि माझ्या बाहीचा दोरा शोधायला लागल्या.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी मुकादमीण आजारी पडली.

मुकादमीण म्हणजे कळपातली सगळ्यांत जुनी मेंढी. ती फाटकातून निघाली की बाकीच्या निघायच्या, ती बसली की बसायच्या. त्या सकाळी ती कोपऱ्यात उभी होती. तोंड हलत नव्हतं. काकूंनी तिच्या कुशीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग दुसऱ्या बाजूनं लावला, जसं काही आवाज चुकून तिकडे गेला असेल.

“गप्प आहे,” त्या म्हणाल्या.

“कोण?”

“पोट.”

निरोगी मेंढीचं पोट सतत काहीतरी बोलत असतं, हे मला त्या दिवशी कळलं. काकूंनी मला शेजारच्या मेंढीला कान लावायला लावलं. लांबवर कोणी जड कपाट सरकवावं तसा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मग मुकादमिणीला लावला. तिथे काही नव्हतं. फक्त तिचा श्वास.

पुढच्या काही आठवड्यांत एकेक मेंढी गप्प होत गेली. रवंथ बंद, खाणं कमी, लेंड्या पातळ. कातरायच्या आधीच लोकरीचे पुंजके कुंपणाला अडकून निघायला लागले. दोन कोकरं गेली. मग एक तरणी मेंढी.

ओहोळावर सगळ्यांचाच संशय होता. तो कारखान्याच्या भिंतीखालून यायचा आणि त्याचं पाणी तांबूस होतं. “हे पाणी माणूस डोळ्यांनी प्यायला तरी आजारी पडेल,” इस्त्रीवाला म्हणाला. काकूंनी त्याच दिवशी ओहोळाच्या काठानं तारा मारल्या. घरच्या नळाचं पाणी डब्यांतून कुरणात न्यायला लागल्या. मीही न्यायची. माझा एक डबा पोचेपर्यंत त्यांचे दोन रिकामे व्हायचे. सगळा उन्हाळा आम्ही पाणी वाहिलं. काकूंचे खांदे सोलवटले. त्या खांद्यांवर शर्टाची घडी ठेवून पुन्हा डबे उचलायच्या.

मेंढ्या काही सुधारल्या नाहीत.

तेव्हा पशुदवाखान्यातली डॉक्टर आली. तिशीची, उंच, बुटांवर कायम चिखल. तिनं मेंढ्यांचं रक्त घेतलं, लेंड्या घेतल्या. पाणी, गवत, माती, सगळं छोट्या बाटल्यांत भरून नेलं. काही दिवसांनी ती परत आली तेव्हा तिच्याबरोबर पशुखात्याचा एक माणूस होता. तो सारखा घड्याळाकडे बघत होता, पण वाईट माणूस नव्हता. त्याला जे सांगायचं होतं ते लवकर सांगून मोकळं व्हायचं होतं, एवढंच.

“रक्तात शिसं आहे,” तो म्हणाला. “यातली एकही मेंढी बाहेर देता येणार नाही. थंडी लागली की पुन्हा रक्त तपासू. उतरलं नसेल तर कळप ठेवता येणार नाही.”

“ठेवता येणार नाही म्हणजे?” काकूंनी विचारलं.

त्यानं डॉक्टरकडे पाहिलं.

“मारावा लागेल, काकू,” डॉक्टर म्हणाली. “सगळा.”

काकू त्याच्याजवळ गेल्या. त्याच्या कोटाच्या बटणाला एक दोरा लोंबत होता. तो कापला. “बरं,” म्हणाल्या.

तो माणूस गेल्यावर डॉक्टर थांबली. ओहोळाचं पाणी तपासून झालं होतं. “पाण्यात काही नाही,” ती म्हणाली. “तांबूस दिसतं ते गंजामुळे. प्यायला चाललं असतं.”

मी माझ्या हाताकडे पाहिलं. डब्याच्या कडीचा वळ अजून होता. काकूंनी नाही पाहिलं.

“मग कुठून आलं?”

“मला त्यांना चरताना बघू द्या.”

आम्ही कुरणात गेलो. डॉक्टर उकिडवी बसली आणि नुसती बघत राहिली. काकू तिच्या मागे उभ्या. मग डॉक्टर उठली, एका मेंढीला धरलं, तिचा ओठ वर केला आणि खिशातल्या पांढऱ्या रुमालानं दात पुसले. रुमाल आमच्यासमोर धरला. त्यावर काळपट माती होती. चिमूटभर नाही, चांगली बोटभर रेघ.

“किती आखूड ठेवलंय तुम्ही हे गवत,” डॉक्टर म्हणाली.

काकूंचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजळला. “आवडलं?”

डॉक्टर रुमाल तसाच धरून उभी राहिली. मी काकूंकडे बघत होते, म्हणून ती वेळ मला नेमकी आठवते. आधी हसू होतं. मग त्या रुमालाकडे वळल्या. मग कुरणाकडे. हसू तसंच राहिलं, त्याच्यातून माणूस निघून गेला.

कारखाना चालू होता तेव्हा धुराड्यातून जे उडालं ते इथे बसलं होतं. वरच्या चार बोटं मातीत. ते खाली जात नाही, धुऊन जात नाही. गवतात फारसं चढतही नाही. गवत उंच असतं तर मेंढ्यांनी गवत खाल्लं असतं. इथे गवताचा बुडखा तेवढा उरायचा, आणि तो ओढताना प्रत्येक घासाबरोबर माती. वर्षानुवर्षं.

टेकडीवरच्या मातीतही थोडं असणार, डॉक्टर म्हणाली. पण त्या मेंढ्यांचं तोंड मातीपर्यंत पोचतच नाही.

काकू स्वयंपाकघरात आल्या, मागून डॉक्टर. मी चहा दिला. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसून प्यायला. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

“मीच घातलं म्हणजे त्यांच्या पोटात,” त्या म्हणाल्या.

“धुराड्यानं घातलं,” डॉक्टर म्हणाली. “तुम्ही नीटनेटकं राहिलात.”

“नीटनेटकं!” काकू म्हणाल्या. कप ठेवला. “आता काय करायचं ते सांग. रडायला पुढे वेळ आहे.”

डॉक्टरनं सांगितलं. मेंढ्यांना कुरणातून काढायचं. गोठ्यात ठेवून बाहेरचं सुकं गवत घालायचं, तेही उंच गव्हाणीत, जमिनीवर नाही. खुराकात एक भुकटी मिसळायची. ती खास प्रकारची चिकणमाती होती. पोटातल्या शिशाला थोडंफार धरून ठेवते आणि लेंड्यांवाटे बाहेर नेते.

“थांब,” काकू म्हणाल्या. “माती खाऊन आजारी पडल्या, आणि औषध काय, तर माती?”

“ही वेगळी माती.”

“मातीत माती. आम्ही म्हातारे झालो हेच बरं.”

पण पोट पुन्हा चालू व्हायला एवढं पुरणार नव्हतं. मेंढी गवत एकटी पचवत नाही, डॉक्टर म्हणाली. तिच्या मोठ्या पोटात असंख्य सूक्ष्म जीव राहतात. ते गवत आंबवतात, मोडतात, तेव्हा कुठे मेंढीला त्यातलं मिळतं. शिशानं त्यांचं जगणं बिघडवलं होतं. बरेचसे मेलेले असणार.

“म्हणजे पोटात भाडेकरू असतात,” काकू म्हणाल्या.

“असंच समजा.”

“आणि ते गेलेत जागा सोडून.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आमची वरची काही हलत नाही.”

“नवे भाडेकरू आणावे लागतील,” डॉक्टर म्हणाली. “एखाद्या निरोगी मेंढीच्या तोंडातला रवंथ. ती चघळत असताना काढून घ्यायचा, कोमट पाण्यात कालवायचा आणि थंड व्हायच्या आत आजारी मेंढीला पाजायचा. जुना उपाय आहे. पण ती मेंढी शिशाची नको. जवळची हवी. तुमच्या ओळखीत कोणाच्या आहेत का अशा?”

काकू खिडकीतून टेकडीकडे बघत होत्या.

“आहेत,” त्या म्हणाल्या. “अस्ताव्यस्त आहेत, पण आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेकडी चढलो. मी बरोबर यावं असा त्यांचा हुकूम होता. “भांडण झालं तर साक्षीला,” त्या म्हणाल्या. वाटेत कुंपणाबाहेर आलेली फांदी दिसली तर हात खिशाकडे जायचा आणि परत यायचा.

भावजी दारातच होते. रुंद माणूस, भुवया दाट. काकूंची नजर त्या भुवयांवर गेली आणि त्यांनी ती मुद्दाम खाली घेतली.

“वहिनी,” ते म्हणाले.

“भावजी.”

काकूंनी सगळं सांगितलं. शिसं, माती, पोट, रवंथ. आडपडदा न ठेवता. कुरणाचंही सांगितलं. भावजी ऐकत होते आणि त्यांचा मेंढा त्यांच्यामागे येऊन उभा राहिला होता. तोच तो. लोकर पुन्हा पोटाखाली लोंबत होती.

“म्हणजे,” भावजी म्हणाले, “मागे मेंढ्याच्या अंगावरचं नेलंत. आता मेंढीच्या तोंडातलं न्यायला आलात.”

“हो.”

“आणि माझं न विंचरलेलं डोकं बरं होतं, असंही म्हणणं आहे तुमचं.”

“हो,” काकू म्हणाल्या. मग जमिनीकडे बघत, “भावजी, तो मेंढा. तो मी कातरायला नको होता.”

एवढं बोलायला त्यांना किती वर्षं लागली ते मला माहीत नाही. भावजींनी मेंढ्याच्या कपाळावर हात ठेवला. मग वळून आत जाता जाता म्हणाले, “पाणी कोमट लागेल ना? का उकळू?”

रवंथ काढणं बघण्यासारखं होतं. मेंढी आडवी बसून चघळत असते. तिच्या गळ्यावरून एक गोळा वर येताना दिसतो. तो तोंडात आला की भावजींनी डोकं धरायचं आणि काकूंनी गालाच्या बाजूनं दोन बोटं घालून तो काढायचा. दाढेखाली बोट गेलं तर संपलं. काकूंचा हात आत जायचा आणि बाहेर यायचा, मेंढीला कळेपर्यंत काम झालेलं. ती चकित होऊन रिकामं तोंड हलवत राहायची. मग दुसरा गोळा वर आणायची.

“अगं, उद्या परत देते हो,” काकू तिला म्हणाल्या.

“कधी दिलंय परत?” भावजी म्हणाले. “लोकर कुठंय?”

डबा लोकरीच्या चिंधीत गुंडाळून, छातीशी धरून काकू टेकडी उतरल्या. मी मागे. त्या इतक्या भरभर उतरत होत्या की मला पळावं लागलं. मुकादमिणीचं तोंड मी वर धरलं आणि काकूंनी ते हिरवट पाणी थोडं थोडं गिळवलं. वास भयंकर होता. मला ओकारी येतेय हे बघून काकू म्हणाल्या, “नव्या भाडेकरूंसमोर असं तोंड करू नये.”

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी भावजी स्वतःच डबा घेऊन खाली आले. कोटाच्या आत, पोटाशी धरलेला. मग रोज येत राहिले. दोघं फार बोलायचे नाहीत. एकानं मेंढी धरायची, दुसऱ्यानं पाजायचं.

मग एका दुपारी मी वाचनालयातून आले तर काकू गोठ्यात पेंढ्यावर बसल्या होत्या. मुकादमीण त्यांच्याजवळ. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. कान कुशीला लावलेला. मीही बसले. मुकादमिणीच्या गळ्यावरून काहीतरी हळूच वर सरकलं. तिचा जबडा डावीकडे गेला. थांबला. उजवीकडे आला.

“आले राहायला,” काकू म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. पाणी गालावरून मेंढीच्या लोकरीत गेलं.

पोटाचं काम दोघांच्या हातात होतं. गवत वाढू देणं मात्र काकूंचं एकटीचं.

मला वाटतं, आयुष्यात त्यांनी केलेलं सगळ्यांत अवघड काम तेच. कुरण रिकामं होतं आणि वाढत होतं. आधी घोट्याएवढं, मग पोटरीएवढं. त्यात कसलीकसली पिवळी फुलं आली. काकू सकाळ-संध्याकाळ कुंपणाशी उभ्या राहायच्या, हात एप्रनच्या खिशांत, मुठी आवळलेल्या. त्या दिवसांत माझे केस वरचेवर कापले गेले. स्वयंपाकघरातला पडदा खिडकीच्या निम्म्यावर आला. भांडी घासायच्या ब्रशचे केस एका रेषेत आले.

“काकू, कात्री हरवली का?” इस्त्रीवाला कुंपणावरून विचारायचा.

“सुट्टीवर आहे.”

“आणि मालकीण?”

“मालकीण कामावर आहे. तुझी इस्त्री जळतेय बघ.”

तो धावत आत जायचा. इस्त्री जळत नसायची.

येणारे-जाणारेही बोलायचे. काकूंचं वय झालं आता, कुरण सुटलं हातातून. हे त्यांच्या कानावर यायचं. दुसऱ्या कशाचं त्यांना इतकं लागलं नसतं. त्यांना एका वाक्यात सांगता आलं असतं, पण त्या कुणाला काही समजावायला गेल्या नाहीत. फक्त एकदा रात्रीचं जेवताना मला म्हणाल्या, “आज वाऱ्यानं सगळं एकदम वाकलं आणि उठलं. नदीसारखं. तू बघितलंस?”

मी म्हटलं, बघितलं.

“भिकार दिसत नाही अगदीच,” त्या म्हणाल्या.

गवत पुरेसं वाढल्यावर मेंढ्या बाहेर आल्या, आणि नवा नियम सुरू झाला. काकू गवतात मूठ टेकवायच्या. गवत मुठीएवढं उरलं की मेंढ्या तिथून हलवायच्या. मग वाटेल ते होवो. मेंढ्यांना हे पटत नव्हतं. त्यांना खालपर्यंत खायची सवय. काकू त्यांच्या मागे मूठ घेऊन फिरायच्या. “उचल तोंड. अगं ए, उचल. मी सोडलं ना, मग तुला काय होतंय?”

थंडी लागली आणि पशुखात्याचा माणूस आला. रक्त घेऊन गेला. ते दिवस कसे गेले ते मी लिहीत नाही. काकूंनी गोठा धुतला, पुन्हा धुतला. मुकादमिणीच्या डोळ्यांवर आलेली लोकर कातरली. “जायचं झालं तर नीट दिसत जाईल,” म्हणाल्या.

तो परत आला तेव्हा भावजीही होते आणि डॉक्टरही. तो फाटकातूनच म्हणाला, “उतरलंय.”

“किती?” डॉक्टरनं विचारलं.

“पुरेसं. कळप ठेवा. दर काही महिन्यांनी तपासू.”

काकू त्याच्याकडे गेल्या. या वेळी दोरा सापडला नाही. त्यांनी त्याच्या कोटावरून नुसता हात फिरवला आणि मागे वळल्या.

“बघा,” भावजी म्हणाले, “माझ्या मेंढ्यांचं उष्टं खाऊन जगल्या.”

“म्हणूनच तेव्हापासून ऐकत नाहीयेत,” काकू म्हणाल्या.

एक जागा राहिली होती. फाटकाच्या आतली. मेंढ्या तिथे गर्दी करून उभ्या राहतात, त्यामुळे गवत धरत नाही. नुसती उघडी माती, खाटेएवढी रुंद, कुंपणाच्या कडेनं बरीच लांब. वसंतात कोकरं येणार. कोकरं उभी राहायला लागली की दिसेल त्याला तोंड लावतात, डॉक्टर म्हणाली होती. मोठ्यांच्या पोटात गेलं ते काढता तरी आलं. एवढ्याशा पोटात गेलं तर तेवढा वेळ मिळत नाही.

काकूंनी ठरवलं, कोकरांच्या आधी ती माती झाकायची. टेकडीवरच्या गवताचे मुळांसकट, मातीसकट चौकोन कापून आणायचे आणि इथे एकाला एक चिकटवून बसवायचे. भावजी फावड्यानं कापून द्यायचे. चौकोन वेडेवाकडे असायचे. काकू कात्रीनं त्यांच्या कडा सरळ करायच्या आणि फट राहू न देता बसवायच्या. वरचं गवत मात्र कापायच्या नाहीत, तोंड मातीपर्यंत पोचू नये म्हणून. मी घरी असले की पाणी घालायची. रोज थोडं थोडं. फरशी बसवणाऱ्याच्या गतीनं ते काम कुंपणाच्या टोकाकडून फाटकाकडे सरकत होतं.

मंगळवारी मी वाचनालयात होते. इस्त्रीवाल्यानं त्यांना पाहिलं. गुडघ्यांवर बसलेल्या, कुंपणाला टेकलेल्या. त्याला वाटलं, काम चाललंय. त्यानं हाक मारली, “काकू, सुट्टी संपली का कात्रीची?” उत्तर आलं नाही. काकूंकडून उत्तर येत नाही असं कधी झालं नव्हतं, म्हणून तो कुंपण ओलांडून गेला.

डॉक्टर म्हणाली, हृदय. एका क्षणात. त्यांना कळलंही नसेल.

मेंढ्या आता भावजी बघतात. रोज टेकडी उतरून येतात. गवतात मूठ टेकवतात, त्यांची मूठ काकूंच्या दीडपट, त्यामुळे मेंढ्या लवकर हलवल्या जातात. मुकादमीण गाभण आहे. काल मी तिच्या कुशीला कान लावला. कपाट सरकवल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

फाटकाशी माती अजून उघडी आहे. अंगणातल्या सतरंजीएवढी. शेवटचे चौकोन गोठ्याच्या भिंतीशी ओल्या पोत्याखाली आहेत, त्यावर कात्री ठेवलेली. पोतं वाळू नये म्हणून मी सकाळी पाणी शिंपडते. आज भावजी तिथे आले, पोतं उचललं आणि एक चौकोन हातात घेतला. कडा वेड्यावाकड्या होत्या. त्यांनी कात्री उचलली. दोन बोटं अडकवून उघडली, मिटली.

“हात कसा धरायच्या त्या?” त्यांनी मला विचारलं.

मी इतक्या वेळा पाहिलं होतं. मला सांगता आलं नाही.

त्यांनी चौकोन परत ठेवला आणि वर पोतं ओढलं. फाटकातून मेंढ्या आत यायला लागल्या होत्या. भावजी जाऊन त्या उघड्या जागेवर उभे राहिले, दोन्ही हात पसरून, आणि मेंढ्या त्यांना वळसा घालून गवतात गेल्या.